सीदी अंबरचा वरचा मजला

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर शाद्लीनं विमान समुद्रावरून वळवलं, खाली पाहिलं, आणि त्याला दिसलं की सगळं गाव एका मजल्यानं वाढलंय.

"राऊदा," त्यानं बायकोला हाक मारली, "जरा इकडे ये."

"भांडी घासतेय."

"आपल्या घरावर मजला चढलाय."

राऊदा ओले हात झग्याला पुसत आली आणि त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. चौकातलं औषधाचं दुकान, त्याच्या मागचं त्यांचं पांढरं घर, घरावर तस्संच आणखी एक पांढरं घर, आणि त्याच्या गच्चीवर तिची कपडे वाळत घालायची दोरी.

"वर कोण राहतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. ही चूक आहे."

"मग तूच राहा की. तुझं विमान, तुझी ती करकरणारी खुर्ची, सगळं वर ने. मला खाली जरा निवांतपणा मिळेल." एवढं बोलून ती परत भांड्यांकडे गेली.

शाद्ली जन्मात कधी विमानात बसला नव्हता. पण आमचं सीदी अंबर त्याच्याइतकं वरून कोणी पाहिलेलं नाही. तीस वर्षं तो घरोघरी टीव्हीच्या तबकड्या बसवायचा. कुणाच्या गच्चीवर मिरच्या वाळतात, कुणाची टाकी गळते, कोण कुणाच्या नकळत कबुतरं पाळतं, सगळं त्याला पाठ. पुढे गुडघे बोलायला लागले आणि शिडी सुटली. तेव्हा परदेशात, लियोंला राहणाऱ्या मुलीनं आपला जुना संगणक आणि विमान चालवायचा सिम्युलेटर त्याच्याकडे पाठवून दिला. त्याला 'खेळ' म्हटलेलं शाद्लीला खपत नाही. सिम्युलेटरमध्ये अख्खं जग होतं, फक्त सीदी अंबर नव्हतं. आमच्या जागी नुसती पिवळी वाळू होती. हा अपमान शाद्लीनं दोन वर्षं बसून धुऊन काढला. एकेक करून सहाशे बारा घरं त्यानं स्वतः बनवली. दोऱ्या, टाक्या, तबकड्या, आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळयासुद्धा. ती सीनरी त्यानं जगासाठी खुली केली आणि जगातल्या त्रेचाळीस जणांनी ती उतरवून घेतली. हा आकडा तो ओळखपाळख नसलेल्यांनाही सांगतो.

आता मुलीनं नवा संगणक पाठवला होता आणि त्यात सिम्युलेटरची नवी आवृत्ती होती. शाद्लीनं आपली जुनी सीनरी उचलली आणि नव्या आवृत्तीत ओतली. माठ बदलला म्हणून पाणी बदलत नाही, असा त्याचा हिशोब होता. पण नवी आवृत्ती शहाणी निघाली. ती उपग्रहाचे फोटो बघते, जिथे छप्पर दिसेल तिथे आपल्या मनानं घर उभं करते आणि जिथे हिरवं दिसेल तिथे झाडं लावते. म्हणजे सहाशे बारा घरं तिनं आधीच बांधून ठेवली होती. 'माझी घरं आली, आता तुझी काढ' असं सांगायची रीत जुन्या सीनरीला ठाऊकच नव्हती. त्यात आणखी एक भानगड झाली. जुन्या आवृत्तीत आमचं गाव समुद्रापासून अकरा मीटर उंचीवर होतं आणि नवीत आठच मीटरवर. शाद्लीची घरं इमानानं अकरा मीटरवर जाऊन बसली. मधले तीन मीटर म्हणजे मोजून एक मजला.

जिथे खाली काहीच नव्हतं तिथे तर मौजच होती. गावाबाहेर तेल शोधणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं सोडून दिलेली जुनी धावपट्टी आहे. तिच्या कडेची चौकीदाराची खोली शाद्लीनं हौसेनं बनवली होती, ती आता हवेत तरंगत होती. शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर हिरवा गालिचा आहे. त्यावर नव्या आवृत्तीनं ऐंशी झाडं लावली होती आणि एक गोलच्या खांबांच्या बरोबर मध्ये होतं.

आमच्या गावात बातमीला पाय लागत नाहीत, पंखच फुटतात. दिवस मावळायच्या आत शाद्लीच्या बैठकीत पंचवीसेक माणसं जमली. जो तो आपलं घर दाखवायला सांगे आणि वाढलेला मजला बघून खूश होई. शेजारचा लमीन आपल्या बायकोला, हायतला घेऊन आला होता. लमीनची गावाच्या कडेला रोपवाटिका आहे. बदाम, डाळिंब, ऑलिव्हची रोपं विकतो. माणूस झाडासारखाच, कमी बोलतो आणि एका जागी उभा राहतो.

त्याचं घर पडद्यावर आलं तशा सगळ्यांच्या नजरा लमीनकडे वळल्या, कारण त्याच्या राहून गेलेल्या मजल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

मुलाचं लग्न करायचं तर आधी बापाच्या घरावर मजला चढला पाहिजे, ही आमच्याकडची रीत. लमीनच्या गच्चीवर अकरा वर्षांपासून सळया उभ्या आहेत. मुलगा बासेम आणि त्याची ठरलेली बायको हिबा, दोघंही गाबेसच्या रुग्णालयात नर्स आहेत आणि लग्नानंतर तिथेच राहणार. वरच्या मजल्यात ती दोघं राहतील दोन ईदला आणि उन्हाळ्यात एक आठवडा. पण रीत ती रीत. हिबाचे वडील तिजानी पडले सफाक्सचे. सफाक्सचा माणूस खजूर घेतानाही आधी बी बघतो. त्यांनी साखरपुड्याच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "आधी छप्पर, मग वरात." त्याला दोन वर्षं झाली. दर वेळी मजल्याचं काम काढायला जावं आणि काहीतरी निघावं. एकदा विहिरीचा पंप गेला, एकदा हायतचं ऑपरेशन झालं. पोरं बिचारी वाट बघत होती. बासेम हल्ली शुक्रवारी घरी आला की गच्चीकडे बघायचंही टाळायचा.

"बघ लमीन," कोणीतरी म्हणालं, "तुझा झाला एकदाचा."

सगळे हसले, लमीनही हसला. हायतनं मात्र फोन काढला. शाद्लीनं तिच्यासाठी विमान खाली आणून घराभोवती दोन चकरा मारल्या आणि तिनं पडद्याला फोन भिडवून सगळं टिपलं. तिच्या मनात काही पाप नव्हतं. आपली गंमत विहिणीलाही दाखवावी म्हणून तिनं तो व्हिडिओ सफाक्सला धाडून दिला. वर 'ही गंमत आहे' असं लिहायचं राहून गेलं, कारण तिला चष्म्याशिवाय लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नमाजाहून परतल्यावर शाद्ली लमीनच्या दारात त्याच्याशी बोलत उभा असताना लमीनचा फोन वाजला. त्याला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज कायम मोठा.

"मबरूक, सी लमीन," पलीकडून तिजानी अभिनंदन करत होते.

"अल्ला तुमचं भलं करो. कशाबद्दल?"

"आता लाजता काय? पाहिला आम्ही व्हिडिओ. मजला झकास झालाय. चार खिडक्या, त्याही समुद्राकडे. विमानातून चित्रण करवलंत, म्हणजे कमालच."

लमीननं शाद्लीकडे पाहिलं. शाद्लीनं मशिदीच्या मिनाराकडे पाहिलं.

"आणि वर पुन्हा सळया ठेवल्यात," तिजानी पुढे म्हणाले. "मुलगा एक, पण विचार नातवाचा. ह्याला म्हणतात दूरदृष्टी. बरं, मग आता थांबायचं कशाला? पुढच्या शुक्रवारी ट्रक भरून घेऊन येतो. तारीखही पक्की करून टाकू."

"सी तिजानी, ते असं आहे की..."

"पाहुणचाराचं म्हणताय ना? काही करू नका. कुसकुस असला की झालं." फोन बंद झाला.

नवरीचं सामान लग्नाआधी सासरी पोचवायचं, ही सफाक्सची रीत. पलंग, गाद्या, सहा दारांचं कपाट. लमीनला ते कपाट डोळ्यांपुढे दिसायला लागलं, गच्चीवर उभं, सळयांच्या मध्ये.

"तू बांधलास," तो शाद्लीला म्हणाला, "आता तूच पाड."

"पाडतो. पण माझ्याकडचा पाडला तरी त्यांच्या फोनमधला कसा पडेल?"

"मग खरं सांगू?"

"सांग की."

लमीननं फोन वर धरला, खाली घेतला, परत वर धरला. दोन वर्षांनी सोयऱ्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द आला होता. आतून हायतचा आवाज येत होता. ती फोनवर बहिणीला तारखेचं सांगत होती आणि रडत होती, आनंदानं. लमीननं फोन खिशात टाकला.

"आठ दिवस आहेत," तो म्हणाला. "भिंती तरी उभ्या होतील."

आधी कळस मग पाया म्हणतात, तसा हा आधी मजला मग विटा असा प्रकार. पण नोव्हेंबर उजाडला होता आणि ऑलिव्हची तोडणी ऐन रंगात होती. या दिवसांत आमच्याकडे गवंडी औषधालाही मिळत नाही. गवंडी झाडावर, सुतार झाडावर, गणिताचे मास्तरही सुट्टी टाकून झाडावर. लमीन शनिवारभर शेतं फिरला. प्रत्येक झाडाखाली उभा राहून वर तोंड करून बोलला आणि प्रत्येक झाडानं त्याला 'डिसेंबरनंतर बघू' म्हणून सांगितलं.

इकडे शाद्लीच्या दारात वेगळीच रांग लागली. हायतच्या व्हिडिओनं सोयरीक पक्की केली ही बातमी पसरली होती. ज्यांची मुलं तिशी ओलांडून गेली होती असे सात बाप आपापली गच्ची टिपून घ्यायला आले.

"माझ्या घराला जरा जवळून दाखव," एक म्हातारा म्हणाला. "पण सळया काढून टाक. नाहीतर मुलीकडचे तिसरा मजलाही मागतील."

"अहो अम हसीन, तो मजला खरा नाही."

"मुलगा तरी कुठे खरा आहे? छत्तीसचा झाला, सांगतो तीस."

सोमवारी नगरपालिकेचे नेजीब आले. हातात वही, कानावर पेन.

"सी शाद्ली, असं ऐकलंय की गावात सहाशे बारा मजले परवानगीशिवाय चढलेत."

"ते सिम्युलेटरमध्ये, साहेब."

"कुठेही असोत. परवानगी लागतेच." नेजीब खुर्चीत बसले आणि पडद्यावरच्या घरांवरून बोट फिरवायला लागले. पोस्टावर मजला, शाळेवर मजला, मशिदीच्या मिनाराला दुसरा मिनार. मग बोट एका पिवळ्या घरावर थांबलं. "हे माझं."

"हो, तुमचंच."

नेजीब बराच वेळ बघत राहिले. "छान दिसतं नाही?" म्हणाले, आणि वही मिटून कॉफी न घेताच निघून गेले.

शाद्लीला मात्र खरंच लागलं होतं. तीस वर्षं त्यानं ज्या गच्च्यांवर पाय ठेवला, त्यातली एकही त्यानं खोटी काढली नव्हती आणि आता त्याच्या गावानं सोयऱ्यांना फसवलं होतं. त्यानं सिम्युलेटरवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळात आपली अडचण लिहून टाकली होती. शनिवारीच 'जुना पक्षी' अशा नावाच्या कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं. 'तुमची सीनरी माझ्याकडे आहे,' त्यानं लिहिलं होतं. 'त्रेचाळिसातला मी एक. नव्या आवृत्तीत मलाही तसंच दिसतं. खालची घरं कशी काढायची आणि तुमची तीन मीटर खाली कशी आणायची, ते मला जमेल. फक्त कुठल्या घराला खरे किती मजले, ती यादी पाठवा.'

शाद्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं रविवारभर बसून सहाशे बारा ओळींची यादी केली, एकही घर न चुकवता, आणि पाठवून दिली. आपण काय पाठवलं आणि कुणाला, याचा विचार करायचं त्याला काही कारणच नव्हतं.

मंगळवारी लमीन हात हलवत परत आला. गवंडी नाही तो नाहीच. स्वतःच विटा रचायला बसला होता, तर गुडघ्याएवढी भिंत झाली आणि मांजरानं उडी मारली तशी ती आडवी झाली.

"शाद्ली, तुझं विमान सफाक्सला जातं का?"

"विमान कुठेही जातं."

"त्यांनी माझं घर वरून पाहिलं. मीही त्यांचं बघतो. दोन वर्षं ऐकतोय, घरामागे वडिलोपार्जित बदामाची बाग आहे, बदामाची बाग आहे. असेल चार काटक्या."

लमीनचा असा होरा होता की तिथे काही खोट सापडली तर आपल्या खोटेपणाला जरा सोबत होईल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शाद्लीनं विमान किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला नेलं. शहराबाहेरचा रस्ता सापडला, पाण्याची उंच टाकी सापडली, टाकीशेजारचं तिजानींचं घर सापडलं. आणि घरामागे एवढी दाट झाडी होती की जमीन दिसेना.

लमीन मांडीवर हात ठेवून बसला. "त्यांचं खरं निघालं," तो म्हणाला. "खोटा मी एकटाच."

मग काय वाटलं त्याला कोण जाणे. बहुधा खरं सांगून टाकायला म्हणूनच त्यानं फोन लावला. पण तोंडातून निघालं भलतंच.

"सी तिजानी, तुमची बाग पाहिली हो वरून. काय बहरलीय. मी रोपांचा माणूस, माझा तर जीवच हरखला."

पलीकडे तिजानी दोनदा खाकरले.

"हो," तिजानी म्हणाले. "यंदा पीक बरं आलं. अल्लाची कृपा." आणि त्यांनी घाईघाईनं फोन ठेवून दिला.

शुक्रवार उजाडला. राऊदा आणि हायतनं सकाळपासून माशाचा कुसकुस रांधला. बासेम गाबेसहून आला, गच्चीवर गेला, मांजरानं पाडलेली भिंत पाहिली आणि खाली येऊन बापाला म्हणाला, "बाबा, सांगून टाका. काय व्हायचं ते होऊ दे. हिबाशी मी बोलेन."

"तू नाही. मी बोललो, मीच निस्तरतो."

दुपारी ट्रक आला. वर ताडपत्री घट्ट बांधलेली, खाली चाकं दबलेली. पुढे ड्रायव्हर, मध्ये कुणी अनोळखी जाडजूड माणूस, आणि कडेला तिजानी, टोपी घातलेले, मांडीवर बदामाची पिशवी. ते खाली उतरले. रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी घराकडे पाहिलं, मग मान मागे टाकून आणखी वर पाहिलं. आजूबाजूच्या गच्च्यांवर अख्खं गाव उभं होतं. झाडावरची माणसंही त्या दिवशी खाली उतरली होती.

लमीन पुढे झाला. "सी तिजानी, वर काही नाही."

तिजानींनी बदामाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तो मजला शाद्लीच्या मशीनमधला. जुनं गाव नव्यात ओतलं आणि ते वर चढून बसलं. हायतनं गंमत म्हणून पाठवलं. तुम्ही फोन केलात तेव्हाच मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुम्ही पहिल्यांदाच कौतुक केलंत, जीभ उचलली नाही." त्यानं ट्रककडे हात केला. "पलंग-कपाट परत घेऊन जा. लग्न मोडायचं तर मोडा. पण मुलीला सांगा, मुलाला काही ठाऊक नव्हतं. तो तसा नाही."

तिजानींनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं, "ओळ दोनशे चौदा. लमीन यांचं घर. एक मजला. अकरा सळया, दोन वाकलेल्या. लिंबाची एक कुंडी."

शाद्ली गर्दीतून पुढे आला. "ही तर माझी यादी. जुन्या पक्ष्याला पाठवलेली."

"मीच जुना पक्षी," तिजानी म्हणाले. "चोवीस वर्षं विमानतळावर आगीच्या बंबावर होतो. विमानं खालून पाहिली तेवढी पाहिली. निवृत्त झाल्यावर वरून बघतो. तुमचं गाव मी मुलीची सोयरीक ठरवायच्या आधीच उतरवून घेतलं होतं. मुलगी द्यायची तर गच्ची बघायला नको? मजल्याचा व्हिडिओ आला त्याच दिवशी मी माझ्याकडे उघडून पाहिलं. माझ्याकडेही मजला. माझ्याकडे तर पोस्टावरही मजला."

"म्हणजे फोन केलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" लमीननं विचारलं.

"होतं."

"मग मबरूक कशाला म्हणालात?"

"बघत होतो, तुम्ही काय म्हणता ते. सोयरा होणारा माणूस अडचणीत खरं बोलतो का, हे मला बघायचं होतं. आठ दिवस वाट पाहिली." तिजानींनी चष्मा काढला. "उशीर केलात. पण दारात बोललात, ट्रक उघडायच्या आधी. चालेल." मग त्यांनी त्या जाडजूड माणसाला खूण केली. त्यानं ताडपत्री ओढून काढली. आत पलंग नव्हता, कपाट नव्हतं. भरगच्च विटा होत्या, वर सिमेंटची पोती आणि सगळ्यांच्या वर घमेली.

"हे उस्ता फेत्ही. आमच्याकडचे गवंडी," तिजानी म्हणाले. "तोडणीच्या दिवसांत तुमच्याकडे कोणी मिळणार नाही, हे मला माहीत होतं. विटा माझ्या, सिमेंट अर्धं तुमचं. तीन आठवड्यांत मजला. पोरांनी दोन वर्षं वाट बघितली, आता आपण म्हाताऱ्यांनी जरा घाई करू."

हायतनं तिथेच, रस्त्यावर, लग्नघरातली लांब किलकारी घातली आणि गच्च्यांवरच्या साऱ्या बायकांनी ती उचलून धरली. लमीननं व्याह्याला मिठी मारली. बासेम ट्रकमागे जाऊन फोनवर हळू आवाजात काही बोलत होता आणि डोळे पुसत होता.

कुसकुस झाला, चहा झाला. तिजानींची नजर सारखी शाद्लीच्या पडद्याकडे जात होती, म्हणून सगळे बैठकीत येऊन बसले. लमीन आता मोकळा झाला होता, बोलायला लागला होता.

"शाद्ली, ह्यांना ह्यांची बाग दाखव. मी त्या दिवशी पाहिली, तेव्हापासून रोज डोळ्यांपुढे येते."

"कशाला, राहू दे," तिजानी म्हणाले.

"राहू कसं द्यायचं? गावाला बघू दे."

विमान उत्तरेला गेलं. टाकी आली, घर आलं, झाडी आली. सगळ्यांनी 'माशाल्ला' म्हटलं. राऊदा पाहुण्यांनी आणलेले बदाम वाटीत ओतत होती. तिनं रिकामी पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"सी तिजानी, तुमच्या बागेत बदाम आल्यावर पिशवीवर दुकानाचा शिक्का कोण मारतं?"

तिजानींनी चहाचा पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला. रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

"ती झाडं नाहीत," ते शेवटी म्हणाले. "हिरवी जाळी आहे. बाग सहा वर्षांपूर्वी वाळून गेली. आता तिथे भाऊ जुन्या मोटारी ठेवतो आणि उन्हासाठी वर जाळी लावतो. नवी आवृत्ती हिरवं बघते आणि झाडं लावते."

"फुटबॉलच्या मैदानासारखं," शाद्ली हळूच म्हणाला.

"मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, पीक बरं आलं," लमीन म्हणाला.

"म्हणालो."

"अल्लाची कृपा, असंही म्हणालात."

"तुम्ही एवढ्या आनंदानं बोलत होता. रोपांचा माणूस, म्हणालात. माझीही जीभ उचलली नाही."

बैठकीत कुणी हसावं की नाही, हे कुणालाच कळेना. एकाचा बोलाचाच मजला, दुसऱ्याची बोलाचीच बाग, आणि दोघं एकमेकांची परीक्षा घ्यायला बसलेले. पहिली हसली ती राऊदा. मग लमीन हसायला लागला, एवढा की त्याला ठसका लागला. तिजानी टोपी काढून तोंडावर धरून हसले.

"किती झाडं होती?" ठसका थांबल्यावर लमीननं विचारलं.

"चाळीस. वडिलांनी लावलेली."

लमीन उठला आणि तडक बाहेर गेला. सगळ्यांना वाटलं, राग आला. तासाभरानं त्यानं तिजानींना बाहेर बोलावलं. विटा उतरवून रिकामा झालेला ट्रक पुन्हा भरलेला होता. मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेली बदामाची चाळीस रोपं ओळीनं उभी होती आणि लमीन त्यांना दोरीनं बांधत होता.

"मोटारी हलवा," तो म्हणाला. "जानेवारीत मी येतो लावायला. जाळी नाही काढलीत तर मुलगा देणार नाही."

जायच्या आधी तिजानी शाद्लीशेजारी खुर्ची घेऊन बसले. त्यांनी दुरुस्त करून आणलेली फाइल नव्या आवृत्तीत घातली. बघता बघता गाव तीन मीटर खाली उतरलं. पोस्ट उतरलं, शाळा उतरली, दुसरा मिनार गेला. चौकीदाराची खोली जमिनीला टेकली. मागे उभे असलेले सातही बाप हळहळले. तोंड नेजीबांचंही उतरलं.

"आता राहिली ओळ दोनशे चौदा, लमीनचं घर," तिजानी म्हणाले आणि बटणावर बोट ठेवलं.

"तिला हात लावू नका," शाद्ली म्हणाला. "ती तीन आठवड्यांत बरोबर होणार आहे."

तिजानींनी बोट उचललं. शेजारच्या लमीनच्या गच्चीवरून उस्ता फेत्हीचा आवाज आला. तो वरच्या सळया मोजत होता आणि विचारत होता की स्लॅब टाकल्यावर त्या कापायच्या की पुढे सोडायच्या.

"सोडा," दोन्ही व्याही एकदम ओरडले.

शाद्लीनं पडद्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर अकरा सळया होत्या. त्यातल्या दोन वाकलेल्या होत्या. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गवंड्याला सांगितलं, "दोन जरा वाकवून ठेव."